जुने साउंड कार्ड लिनक्सवर बोलते करताना

सप्ताहातील कीर्तने, गावच्या मंडळाची भारुडे, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या, उरुसातल्या कव्वाल्या असा ऐवज मराठवाड्यात कितीतरी घरांत अजून कॅसेटींवरच पडून आहे, आणि तो संगणकात उतरवायचा म्हटले की पहिली अडचण यंत्राचीच येते. आजच्या बहुतेक लॅपटॉपांना बाहेरचा स्टिरिओ ध्वनी आत घेणारा लाइन-इन जॅक नसतो. हेडफोन आणि मायक यांचा मिळून एकच जॅक असतो आणि त्यातील मायकची बाजू एकाच वाहिनीची असते. याउलट १९९८ मध्ये आलेले साउंड ब्लास्टर लाइव्ह किंवा त्याच काळातील एखादे साधे सी-मीडिया कार्ड घेतले, तर त्यावर खरा स्टिरिओ लाइन-इन मिळतो. अशी कार्डे संगणक दुरुस्तीच्या दुकानांत आणि बंद पडलेल्या संगणक वर्गांच्या जुन्या यंत्रांत धूळ खात असतात. उत्पादकांनी नव्या विंडोजसाठी त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, देणे केव्हाच थांबवले असले, तरी लिनक्सच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ते ड्रायव्हर आजही आहेत.

तरीही कार्ड बसवून यंत्र चालू केले की अनेकदा आवाज येत नाही, आणि मग ड्रायव्हरच नाही असे मानून लोक लिनक्स पुसून पुन्हा टाकतात किंवा दुसरे वितरण (उबुंटू, डेबियन यांसारखी लिनक्सची तयार आवृत्ती) शोधू लागतात. माझ्या मते इतकी वाया जाणारी मेहनत दुसरी नाही. लिनक्समध्ये ध्वनी चार थरांतून जातो: सर्वांत खाली प्रत्यक्ष कार्ड, त्यावर कर्नलमधील ड्रायव्हर, त्यावर अल्सा ही ध्वनिव्यवस्था व आवाजाच्या पातळ्या ठरवणारा तिचा मिक्सर, आणि सर्वांत वर निरनिराळ्या प्रोग्रॅमांचा आवाज कार्डाकडे नेणारा पाइपवायर किंवा पल्सऑडिओ हा ध्वनिसर्व्हर. आवाजाचे चित्र पडद्याच्या कोपऱ्यात दिसते म्हणून सगळे जण वरून सुरुवात करतात. खालून वर गेले, तर दोष कोणत्या थरात आहे हे लवकर हाती लागते आणि बहुतेक वेळा तो मिक्सरमध्ये सापडतो.

पुढे आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) ती अर्थातच लहान रोमन अक्षरांत टंकावी लागतात. अल्साची साधने यंत्रावर नसतील तर अल्सा-युटिल्स हे पॅकेज आधी टाकून घ्यावे.

कार्ड बसवण्यापूर्वी

कार्डावर छापलेल्या नावावर विसंबून राहू नये. साउंड ब्लास्टर या एकाच नावाखाली पूर्णपणे वेगवेगळ्या चिपा विकल्या गेल्या आहेत. साउंड ब्लास्टर लाइव्हवर ईएमयू१०के१ ही चिप असते, तर एन्सोनिक कंपनी साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्हने विकत घेतल्यानंतर निघालेल्या पीसीआय १२८ या कार्डावर एन्सोनिकची ईएस१३७० किंवा ईएस१३७१ कुळातील चिप असते. पुढे लाइव्ह याच नावाने आलेल्या २४-बिट कार्डावर सीए०१०६ ही तिसरीच चिप आहे, आणि काही तयार संगणकांसोबत दिलेल्या लाइव्ह कार्डावर ईएमयू१०के१एक्स ही चौथी. या चारही चिपांचे ड्रायव्हर वेगळे आहेत. म्हणून कार्ड हातात आहे तोवर मोठ्या चौकोनी चिपेवरील अक्षरे भिंगाने वाचून कागदावर लिहून ठेवावीत. कार्ड एकदा आत गेले की ती वाचता येत नाहीत.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावला तरी ठिणगी बसते. तीच स्थिर वीज कार्डावरील चिपेला मारक ठरू शकते. त्यामुळे वीज बंद करून, वायर भिंतीतून काढून, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावूनच कार्ड कडेने धरावे. कार्डाच्या खालच्या बाजूचे सोनेरी संपर्क साध्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासले की त्यांवरचा काळपट थर निघतो. रबराचा चुरा मऊ ब्रशने झटकून टाकावा आणि स्लॉटमधील धूळ तोंडाने न फुंकता ब्रशनेच काढावी, कारण फुंकरीबरोबर थुंकीचा अंशही जातो. कॅबिनेट कूलरच्या समोर ठेवण्याची सवय असेल तर ती याच वेळी मोडावी, कारण कूलरची दमट हवा आणि आपली धूळ एकत्र आली की संपर्क पुन्हा लवकर काळे पडतात.

कार्ड पीसीआय स्लॉटात सरळ दाबून, स्क्रू लावून घट्ट बसवावे. नव्या मदरबोर्डांवर पांढरा पीसीआय स्लॉट नसतो आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉटात हे कार्ड बसत नाही. मधला पूल म्हणून काम करणारे अडॅप्टर मिळते, पण केवळ कॅसेटी उतरवण्यासाठी एखादे जुने डेस्कटॉप यंत्रच वापरणे मला अधिक सोयीचे वाटते.

कर्नलला कार्ड दिसते का

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा हायफन एनएनके या पर्यायासह द्यावी. येणाऱ्या यादीत ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ अशी ओळ शोधावी. तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन आकड्यांची ओळख असते. ११०२:०००२ असेल तर ते साउंड ब्लास्टर लाइव्ह, ११०२:०००४ असेल तर क्रिएटिव्हचेच ऑडिजी, ११०२:०००७ असेल तर सीए०१०६, १२७४:१३७१ असेल तर एन्सोनिक ईएस१३७१ आणि १३एफ६:०१११ असेल तर सी-मीडिया ८७३८. त्याच ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या शब्दांपुढे ड्रायव्हरचे नाव येते. लाइव्ह आणि ऑडिजी यांच्यासाठी ते एसएनडी-ईएमयू१०के१, एन्सोनिकसाठी एसएनडी-ईएनएस१३७१, सी-मीडियासाठी एसएनडी-सीएमआयपीसीआय असे असले पाहिजे. नावातील आडवी रेघ कधी हायफन तर कधी अंडरस्कोर अशी दिसते. मॉड्यूल, म्हणजे हा ड्रायव्हर, भरताना दोन्ही चालतात.

यादीत कार्डाची ओळच नसेल तर दोष लिनक्सचा नाही. कार्ड दुसऱ्या स्लॉटात बसवून पाहावे, तरीही दिसले नाही तर दुसऱ्या यंत्रात बसवावे, आणि तेथेही दिसले नाही तर ते निकामी झाले असे मानून पुढील वेळ वाचवावा.

ओळ आहे पण ड्रायव्हरचे नाव नाही, अशी स्थिती असेल तर सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने) मॉडप्रोब या आज्ञेपुढे ड्रायव्हरचे नाव देऊन तो हाताने भरावा. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असे उत्तर आले तर बहुधा कर्नलची छाटलेली बांधणी बसवलेली असते: उबुंटूमध्ये बरेचसे ध्वनि-ड्रायव्हर लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात, आणि डेबियनच्या क्लाउड कर्नलमध्ये ते नसतातच, म्हणून तेथे नेहमीचा कर्नल टाकावा. ड्रायव्हर भरला जाऊनही कार्ड उभे राहिले नाही तर डीमेसग या आज्ञेने कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. यामाहाच्या वायएमएफ७४४ आणि ईएसएस मायस्ट्रो-३ या चिपांना चालू होताना एक छोटी फर्मवेअर फाइल, म्हणजे चिपेत भरायचा प्रोग्रॅम, लागते. ती नसेल तर या नोंदींत तिचे नावच लिहिलेले सापडते आणि वितरणाचे फर्मवेअर पॅकेज टाकले की काम होते. लाइव्ह आणि सी-मीडिया यांना असे काही लागत नाही.

पीसीआयपूर्वीच्या लांब काळ्या आयएसए स्लॉटांतील कार्डांची, म्हणजे १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ सारख्यांची, गोष्ट निराळी आहे. ती एलएसपीसीआयच्या यादीत येत नाहीत. मॉड्यूल भरताना पोर्ट, आयआरक्यू आणि डीएमए हे, कार्ड ज्यांवरून संगणकाशी बोलते ते, पत्ते बहुधा आपणच सांगावे लागतात. कारखान्यातून आलेली नेहमीची मांडणी पोर्ट ०एक्स२२०, आयआरक्यू ५, आठ-बिट डीएमए १ आणि सोळा-बिट डीएमए ५ अशी असते. शिवाय त्यासाठी ३२-बिट कर्नल हवा. डेबियन १२ मध्ये तो पूर्णपणे मिळतो, २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने मात्र ३२-बिट इंटेल यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. कॅसेटींसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा पीसीआय कार्ड शोधणे बरे.

कोणते कार्ड पहिले

कॅट ही आज्ञा देऊन प्रोक फोल्डरातील एसाउंड या उपफोल्डरातली कार्ड्स ही फाइल वाचली की अल्साने मान्य केलेली सर्व कार्डे क्रमांकांसह दिसतात. क्रमांक ० चे कार्ड मूळ गृहीत धरले जाते, आणि जुन्या यंत्रांत ते आपले कार्ड असेलच असे नाही. मदरबोर्डवरील ध्वनी, ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय ध्वनी, मोडेम आणि पूर्वी अनेकांनी हौसेने बसवलेले टीव्ही ट्यूनर कार्ड हे सगळे या यादीत शिरतात, आणि यंत्र सुरू होताना जो आधी जागा झाला तो शून्यावर बसतो. त्यामुळे आज चालणारा आवाज उद्या यंत्र सुरू केल्यावर गायब होतो आणि माणूस कार्डाला दोष देतो.

यावर दोन उपाय आहेत. मदरबोर्डवरचा ध्वनी नको असेल तर बायोसमध्ये (यंत्र चालू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत) ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ या पानावर जाऊन तो बंद करावा. हा उपाय सर्वांत स्वच्छ. तो हवा असेल, तर ईटीसी फोल्डरातील मॉडप्रोब-डॉट-डी या उपफोल्डरात डॉट-कॉन्फ अशा शेवटाची एक फाइल तयार करून तीत ‘ऑप्शन्स’ या शब्दापुढे एसएनडी-ईएमयू१०के१ आणि इंडेक्स बरोबर ०, तर दुसऱ्या ओळीत एसएनडी-एचडीए-इंटेल आणि इंडेक्स बरोबर १ असे लिहावे व यंत्र पुन्हा सुरू करावे. आज्ञा देताना मात्र क्रमांकाऐवजी यादीत चौकटी कंसात दिसणारे नाव वापरणे अधिक भरवशाचे असते. लाइव्ह कार्डाचे तेथील नाव बहुधा ‘लाइव्ह’ असेच असते आणि क्रमांक बदलला तरी ते बदलत नाही.

मिक्सर: खरी गोम येथे

अल्सा नव्या कार्डाच्या पुष्कळ वाहिन्या मुळातच मुक्या ठेवते. अल्सामिक्सर ही आज्ञा देऊन एफ६ कळीने आपले कार्ड निवडावे. प्रत्येक उभ्या पट्टीखाली दोन एम अक्षरे दिसली तर ती वाहिनी मुकी आहे आणि दोन शून्ये दिसली तर उघडी. एम कळ दाबली की ती उघडते, बाणांनी पातळी वर-खाली होते. एफ३ ने ऐकण्याच्या, एफ४ ने ध्वनिमुद्रणाच्या आणि एफ५ ने सगळ्या वाहिन्या दिसतात. ‘मास्टर’ आणि ‘पीसीएम’ या दोन्ही उघड्या हव्यात. लाइव्हवर त्यांच्याशिवाय ‘वेव्ह’ ही तिसरीही असते आणि ती शून्यावर असेल तर बाकी दोन्ही पूर्ण वर नेऊनही काही ऐकू येत नाही.

यापुढचा भाग चिपेनुसार बदलतो आणि नेमका तोच कोणी सांगत नाही. लाइव्ह व ऑडिजीवर उजवीकडे सरकत गेल्यास ‘ॲनालॉग/डिजिटल आउटपुट जॅक’ असा एक खटका सापडतो. हा उघडा असेल तर कार्ड जॅकमधून डिजिटल संकेत पाठवते आणि साध्या स्पीकरमधून काहीही येत नाही; म्हणजे बाकी सगळ्या वाहिन्या उघडायच्या आणि हा एकच मुका करायचा. सर्व काही उघडून टाका, हा प्रेमाने दिलेला सल्ला येथे घात करतो. सी-मीडिया ८७३८ वर ‘लाइन-इन ॲज रिअर’ किंवा त्या अर्थाचा खटका असतो. तो चालू असेल तर लाइन-इनचा जॅक मागच्या स्पीकरांसाठी बाहेर जाणारा जॅक बनतो आणि टेपरेकॉर्डर जोडूनही मुद्रणात शांतताच उतरते. एसी९७ प्रकारच्या मदरबोर्डवरील ध्वनीत ‘हेडफोन जॅक सेन्स’, ‘लाइन जॅक सेन्स’ किंवा ‘एक्स्टर्नल ॲम्प्लिफायर’ असे खटके दिसले तर ते एकेक करून उलटे करून पाहावेत; कोणता कोणत्या बाजूला हवा हे बोर्डाच्या जोडणीवर ठरते.

मिक्सर जमला की लगेच सुडो अल्सासीटीएल स्टोअर ही आज्ञा द्यावी. लिनक्स यंत्र नीट बंद होताना या पातळ्या आपोआप जतन करते, पण वीज अचानक गेली तर ती संधी मिळत नाही आणि पुढच्या वेळी जुन्याच पातळ्या परत येतात. ज्या गावांत वीज सांगून जात नाही तेथे ही आज्ञा अंगवळणी पाडून घ्यावी.

चाचणी

ध्वनिसर्व्हरला बाजूला ठेवून थेट अल्साशी बोलणारी चाचणी प्रथम करावी. स्पीकर-टेस्ट या आज्ञेला हायफन सी २, हायफन टी वेव्ह आणि मोठ्या डीपुढे प्लगएचडब्ल्यू:लाइव्ह असे पर्याय दिले की डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून आळीपाळीने ‘फ्रंट लेफ्ट’, ‘फ्रंट राइट’ असा मानवी आवाज येतो. एचडब्ल्यू ऐवजी प्लगएचडब्ल्यू म्हणण्याचे कारण असे की पहिल्यात कार्डाला नेमके झेपेल तेच स्वरूप द्यावे लागते, तर दुसऱ्यात अल्सा स्वरूपाचे रूपांतर स्वतः करून घेते. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असे उत्तर आले तर दुसऱ्या कोणत्या तरी प्रोग्रॅमने कार्ड धरून ठेवले आहे. फ्यूजर हायफन व्ही या आज्ञेपुढे डेव्ह फोल्डरातील एसएनडीच्या फाइली दिल्या की तो प्रोग्रॅम सापडतो.

आवाज तुटत किंवा टकटक करत येत असेल, तर प्रोक फोल्डरातील इंटरप्ट्स ही फाइल पाहावी. साउंड कार्ड आणि ग्राफिक्स किंवा नेटवर्क कार्ड एकाच ओळीवर असतील, तर साउंड कार्ड शेजारच्या स्लॉटात हलवणे हा सर्वांत सोपा उतारा ठरतो.

येथपर्यंत आवाज येतो पण ब्राउझरमधून किंवा व्हीएलसीमधून येत नाही, तर दोष सर्वांत वरच्या थरात आहे हे सिद्ध झाले. पॅव्हूकंट्रोल हा प्रोग्रॅम पाइपवायर आणि पल्सऑडिओ या दोन्हींसोबत चालतो. त्यातील ‘कॉन्फिगरेशन’ या पानावर आपल्या कार्डापुढे ‘ऑफ’ किंवा ‘डिजिटल’ अशी मांडणी निवडलेली असेल, तर ती बदलून ‘ॲनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स’ करावी. ड्युप्लेक्स म्हणजे ऐकणे आणि मुद्रण दोन्ही. पाइपवायरवर डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस या आज्ञेने उपकरणांचे क्रमांक पाहून डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट या आज्ञेने आपले कार्ड मुख्य ठरवता येते.

कॅसेट आत घेताना

टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून निघालेली वायर कार्डाच्या फिकट निळ्या जॅकला जोडावी. गुलाबी जॅक मायकचा आणि पोपटी स्पीकरचा. रंगांची ही पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली, त्यामुळे त्याआधीच्या कार्डांवर पत्र्यावर कोरलेली चिन्हे पाहावी लागतात. टेपला लाइन-आउट नसेल तर हेडफोनचा जॅक चालतो, मात्र टेपचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवावा. अल्सामिक्सरमध्ये एफ४ च्या पानावर ‘लाइन’ या वाहिनीवर जाऊन स्पेस कळ दाबली की ती मुद्रणासाठी निवडली जाते; लाइव्हवर ‘लाइन लाइव्हड्राइव्ह’ या नावाची जुळी वाहिनीही दिसते, ती पुढच्या बाजूच्या वेगळ्या डब्यासाठी असल्यामुळे आपल्या उपयोगाची नाही.

टेप आणि संगणक जोडताच सतत घूं असा आवाज येऊ लागला, तर तो आपल्या ५० हर्ट्झ विजेचा आहे, कार्डाचा नाही. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की त्याचा रोध वाढतो, म्हणूनच जुने वायरमन त्यात पाणी ओतायला सांगतात. काही वेळा टेप केवळ बॅटरीवर चालवली तरी हा आवाज थांबतो.

लाइव्ह कार्ड आतून ४८ किलोहर्ट्झवर चालते, म्हणून मुद्रणही त्याच दराने करावे: एरेकॉर्ड या आज्ञेला हायफन एफ डॅट आणि मोठ्या डीपुढे प्लगएचडब्ल्यू:लाइव्ह हे पर्याय देऊन शेवटी फाइलचे नाव लिहिले की १६-बिट स्टिरिओ मुद्रण सुरू होते. सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागी पातळी शून्य डेसिबलला भिडता कामा नये. कीर्तनात टाळ-मृदंगाचा गजर अचानक चढतो, त्यामुळे आधी तोच भाग वाजवून पातळी ठरवावी आणि वर सहा डेसिबलची जागा सोडावी. या दराने मिनिटाला सुमारे ११.५ एमबी जागा लागते, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटीला जवळपास ६९० एमबी आणि ९० मिनिटांच्या कॅसेटीला १ जीबीहून थोडी अधिक. मुद्रण पूर्ण झाल्यावर फ्लॅक या आज्ञेने फाइल आवळली तर गुणवत्तेला धक्का न लागता ती बरीच लहान होते. एमपी३ प्रत नातेवाइकांना मोबाइलवर पाठवण्यापुरती वेगळी काढावी आणि मूळ फ्लॅक फाइल दुसऱ्या एखाद्या डिस्कवरही ठेवावी.